एका चुलीचे पाच हात

(कृष्णाकाठचं उंबरघाट गाव. नदीच्या उताराजवळचा जकातनाका. वाटेवर आडवा बांबू, त्याच्या पलीकडे हळदीच्या गाड्यांची रांग. उन्हं कलायला लागली आहेत.)

चंद्राबाई : ...आन मला दम नगं भरूस, लाला! सुभेदार असशील तू फौजेत. माझ्याच पदराला शेंबूड पुसत वाढलायस, ह्ये इसरू नगं.

लालासाहेब : आक्का, चारचौगांत बोलतीयास तू.

चंद्राबाई : चारचौगांतच बोलनार! सकाळधरनं बैलं उनात हुबी हायती माझी. नदीतनं वर आलो तर वाटंवर तुझा ह्यो बांबू. तुझा कृष्णात म्हंतोय, पोत्यामागं रुपाया टाका, न्हाईतर सुभेदार आल्याबिगर बांबू हालायचा न्हाई. सुभेदार कवा येनार तर म्हंतो, त्येंच्या मर्जीवर. मर्जी! माझ्या माहेरच्या वाटंवर माझ्या धाकट्या भावाची मर्जी बघत बसू व्हय मी?

लालासाहेब : बाजारात सौदं चाललेत. मी काट्यापशी व्हतो.

चंद्राबाई : तुमचं सौदं चालू द्यात, आमी बसतो हितं धुरळा खात. दिवस बुडाय लागला की शेटलोक उठून घरी जेवाय जात्यात आन काटं बंद. मग ह्या गाड्या कुनाला दावू? मागं बघ की जरा. समदी माळेवाडी हाय त्या रांगंत. पार पान्यापातूर हुबी हायती लोकं. म्हनली, आक्काचं माहेर हाय, आक्काला फुडं घाला, तिला कोन अडीवतंय!

लालासाहेब : अडीवलं न्हाई कुनी. पोत्यामागं रुपाया भर आन जा. पल्याडच्या समद्या हळदीला त्योच नियम हाय. बहीन म्हनून सोडलं तर उद्या दुसरा म्हनंल, मी मेव्हना.

चंद्राबाई : पल्याडच्या! मी पल्याडची झाले आता?

लालासाहेब : हळद पल्याडची हाय. खालसातली, इंग्रजाच्या मुलखातली हाय. हितं संस्थानचा मुलूख लागतोय. मी काय करू, नदी मी घातली न्हाई मदी.

चंद्राबाई : नदी देवानं घातली, ती उतरून आले मी. बांबू तू घातलास.

लालासाहेब : ऐकून तर घे! गेल्या सालची दशा बघितली न्हाईस तू. तुमच्याकडनं गाड्यावर गाड्या आल्या, भाव असा पडला की ह्या गावच्या लोकांनी बाजारात आनलेली हळद तशीच माघारी न्हेली. रंगूबाईनं ऐन बाजारात पोत्यावर बसून कपाळ बडवून घेतलं. मी तवा नुकताच पेन्शनीवर आलो व्हतो. त्याच दिवशी ठरीवलं, फुडल्या साली असलं व्हऊ द्यायचं न्हाई.

चंद्राबाई : कुनी ठरीवलं?

लालासाहेब : मी.

चंद्राबाई : आन?

लालासाहेब : आन काय? बाजार मंडळाचा अध्यक्ष हाय मी.

चंद्राबाई : पंच किती हायती मंडळाला?

लालासाहेब : आता तू मला शिकीवनार?

चंद्राबाई : किती हायती इचारलं मी! आपल्या वडलांनी, दादांनी, मांडीवर बसवून शिकीवलंय तुला आन मला. पाच घरं, पाच पंच. मग बाकीची चार कुटं व्हती? का त्यास्नी बी बांबूच्या पल्याड हुबं केलंवतंस?

जिनदत्त : एक हितं आहे, आक्का. तुमचा निरोप मिळाला, उठून आलो.

चंद्राबाई : या, जिनदत्त आण्णा. लय येळ लावला. तुमी पंच हाय न्हवं ह्या बाजाराचं? का ते बी सुभेदारानं काढून घेतलं?

जिनदत्त : अजून तर आहे बगा. पण तसं विचारायला यंदा कोण आलं नाही.

लालासाहेब : हां, बरं झालं शेट आला. तुमीच सांगा आता आक्काला. सनद तुमी वाचलीया. सनदेत काय लिवलंय? ‘संकटाच्या वेळी अध्यक्ष बाजाराचा बंदोबस्त करील.’ लिवलंय का न्हाई?

जिनदत्त : लिहिलंय की. खोटं कशाला बोलू?

लालासाहेब : ऐकलंस, आक्का? गेल्या साली संकट व्हतं, यंदा मी बंदोबस्त केला. बास. मामला खतम.

जिनदत्त : त्याच्या वरचं कलम पण सांगा की हो, सुभेदार. ‘जकात बसवणे, वाढवणे, काढणे पंच मंडळाने करावे.’ तिथं अध्यक्षाचं नाव नाही.

लालासाहेब : बंदोबस्तात जकात येतीच की!

जिनदत्त : कशी येईल? ते बंदोबस्ताचं कलम प्लेगच्या सालात घातलं. आमचे वडील, आप्पा, सांगायचे. रोज माणसं मरत होती, पाच जणांना एका जागी बसवायचं म्हणजे अवघड. तेव्हा अध्यक्षानं एकट्यानं बाजार बंद केला, अन् कोणी हूं की चूं केलं नाही. अध्यक्ष होते कोण? तुमचेच आज्जा. पण त्यांनी बाजार बंद केला हो. कोणाच्या पोत्याला हात लावला नाही. प्लेग हटला, त्या दिवशी पाचही जणांना बोलावलं अन् त्यांच्यापुढं बाजार उघडला. दार लावायचा हक्क दिलाय तुमाला. दारात बसून पैसे घ्यायचा दिला नाही.

लालासाहेब : शेट, तोंड सांभाळून. एक पैसा मी खिशात घातला असंल तर ह्यो हात तोडून टाका. समदी जकात मंडळाच्या पेटीत हाय.

चंद्राबाई : ठावं हाय बाबा, तू लय परामानिक हायस! चोर असतास तर बरं झालं असतं रं. चोराला धरून चावडीत न्हेता येतंय. तुला कुटं न्हेऊ?

लालासाहेब : कचेरीत न्हे की! संस्थानची कचेरी हाय, वकील हायती. घाला दावा. मी तितं उत्तर दीन.

जिनदत्त : दावा घालता येईल. निकाल लागेपर्यंत ह्या हळदीला कीड लागेल. ते तुमाला पण माहिती आहे, सुभेदार, म्हणून तर कचेरीचं नाव घेताय.

लालासाहेब : आन तुमी पाच जनं बसून काय केलं असतं? बोला की! दादासो म्हनला असता, बघू. भाऊसो म्हनला असता, जत्रंनंतर बघू. तुमी म्हनला असता, सांगलीचा भाव काय निघतोय ते बघू. बघू-बघूत हंगाम गेला असता! बर्मात माझ्यासमूर दुश्मन चालून आला तवा मी पाच जनांला इचारत बसलो असतो तर आज हितं हुबा नसतो. एकानं आर्डर द्यायची, बाकीच्यांनी पाळायची. त्याला डिसिप्लिन म्हनत्यात.

चंद्राबाई : बर्मात समूर दुश्मन व्हता. हितं समूर कोन हाय? डोळं उघडून बघ की रं! मी हाय. तुझा दुश्मन मी?

लालासाहेब : तसं न्हाई म्हनलो मी.

चंद्राबाई : मग बांबू कुनासाटी घातलास? दर साली ह्याच वाटंनं येती न्हवं मी?

लालासाहेब : मी एकट्यानं ठरीवलं म्हनून काय लावलंय मगाधरनं? मी काय कायदा सोडून वागलोय? रीत म्हनूनशान सांगतो, तळी उचलली मी. जकात जाहीर करायच्या आदी खंडोबाच्या देवळात ताट भरलं, भंडारा घातला, पाच जनांनी तळी उचलली. आज्जानं घालून दिलेली रीत हाय ती. ज्या हातांनी तळी उचलली त्यांचा ठराव पक्का. पाच हात व्हते! गावानं बघितल्यात.

जिनदत्त : पाच हात?

लालासाहेब : मोजून पाच.

जिनदत्त : त्यात माझा नव्हता.

लालासाहेब : तुमी... तुमी त्या दिवशी सांगलीला व्हता.

जिनदत्त : दुसऱ्या दिवशी आलो होतो. खंडोबा कुठं पळून जात होता का? आमचे आप्पा जैन माणूस. गाभाऱ्यात जायचे नाहीत, पायरीवर बसायचे. तर तुमचे आज्जा ताट उचलून बाहेर पायरीवर आणायचे. म्हणायचे, देव दोन पावलं बाहेर आला तर बिघडत नाही, पण आप्पांच्या हाताबिगर तळी उठायची नाही. अन् तुमाला एक दिवस थांबवलं नाही.

चंद्राबाई : थांबा आण्णा. हात कुनाचं व्हतं त्ये आदी कळू द्या. बोल लाला. दादासोचा व्हता?

लालासाहेब : दादासो माझ्याशी बोलत न्हाई.

चंद्राबाई : का बोलत न्हाई?

जिनदत्त : भर बाजारात त्याला ‘फालतू आदमी’ म्हणाले सुभेदार. तेव्हापासनं.

चंद्राबाई : भाऊसोचा?

लालासाहेब : भाऊसोला बलवनं धाडलं व्हतं. आला न्हाई.

चंद्राबाई : कुनाला धाडलं व्हतंस?

लालासाहेब : कृष्णातला.

चंद्राबाई : तळीचं बलवनं दुसऱ्याहाती? अध्यक्षानं सवता अनवानी जाऊन बलवायचं असतंय. दादा जात न्हवतं काय? पावसाळ्यात बी चिखल तुडवत आमच्या सासऱ्याच्या दारात यायचं, आन म्हातारा व्हता तरी केरबा सासरा त्यांच्या मागनं नदी उतरायचा. मग त्ये पाच हात कुनाचं? तुझा एक. दुसरा?

लालासाहेब : कृष्णातचा.

चंद्राबाई : चुलत भावाचा. तिसरा?

लालासाहेब : मदन.

चंद्राबाई : तुझं पोरगं. चौथा?

लालासाहेब : आक्का, हात हात असतो. देवाला काय...

चंद्राबाई : चौथा कोन व्हता?

लालासाहेब : थोरलं जावईबापू. आन पाचवा आपला गडी. म्हाद्या.

चंद्राबाई : आगं बया बया! पोरगं, जावई, चुलत भाऊ, गडी आन तू. पाचीजन एका चुलीवर जेवनारी! तुझी बायकू भाकरी वाढायची बंद झाली तर पाच बी उपाशी मरतील. त्ये पाच हात व्हय रं? त्यो एकच हात हाय, लाला. तुझाच. पाच ठिकानी लावलास निस्ता.

लालासाहेब : मी देवाच्या समूर केलंय ते. चोरून न्हाई केलं.

चंद्राबाई : त्येचंच तर वाईट वाटतंय मला. देवाला बी कंपनीत हुबा केलास. त्येनं बी सलाम ठोकायचा तुला!

जिनदत्त : सुभेदार, एक सांगू? रागवणार असाल तरी सांगतो. मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं.

लालासाहेब : आं?

जिनदत्त : माझी स्वतःची हळद ह्याच काठाला पिकते. गेल्या साली माझं पण कंबरडं मोडलं. जकात बसवा म्हणून मीच तुमच्या बाजूनं बोललो असतो. रुपया जास्त होतो, आठ आणे ठेवा, एवढंच म्हटलं असतं. पण तुमी विचारलंच नाही. सांगलीहून आलो तर माझ्याच पेठेच्या वाटेवर बांबू आडवा, अन् तुमचा कृष्णात मला म्हणतो, ‘शेट, नवीन आर्डर हाय.’ मला आर्डर? आमच्या आप्पांचा हात लागल्याशिवाय ज्या बाजाराचा काटा हलला नाही, त्या बाजारात मला आर्डर?

लालासाहेब : मग तवाच का बोलला न्हाईसा?

जिनदत्त : चुकलंच की माझं. म्हटलं, दोस्ती तुटेल.

चंद्राबाई : दोस्ती ऱ्हायली, बाजार तुटला. आता माझं ऐक, लाला. ह्या गाडीत फुडल्या बाजूला काय व्हतं, तुझ्या कृष्णातनं सांगितलं का तुला?

लालासाहेब : काय व्हतं?

चंद्राबाई : खणात बांधलेली गाठ. देवाची पैली हळद. शिजवून वाळवून पयल्या वाफ्याची काढून ठेवलेली. लगीन झाल्यापास्नं दर साली घिऊन येती मी ती. पाची घरांची पैली हळद एका उखळात कुटायची आन तिचाच भंडारा तळीला घालायचा. यंदा भंडारा कशाचा घातलास?

लालासाहेब : घरातलाच व्हता.

चंद्राबाई : घरातला! भंडारा बी एकाच चुलीचा! तर ती गाठ. तुझ्या कृष्णातनं ती सोडली. काट्यावर टाकली. मोजली. म्हनला, हेची बी जकात पडंल, आक्का.

लालासाहेब : काय? देवाची हळद काट्यावर?

चंद्राबाई : खण त्यो बघ, तितं भुईवर पडलाय अजून. मी उचलला न्हाई. म्हनलं, भाऊ येऊ दे, त्येला बघू दे.

लालासाहेब : कृष्णात! हिकडं ये, हरामखोरा! इकडं ये म्हनतो! देवाची हाय म्हनून आक्कानं सांगितलं न्हवतं तुला? ...काय? मोठ्यानं बोल! ...मी कवा म्हनलो देवाची मोज?

चंद्राबाई : त्येला नगं वराडूस. त्यो खरं बोलतोय. मला बी हेच म्हनला, ‘सुभेदारांची आर्डर हाय, पल्याडनं आलेलं काय बी सोडायचं न्हाई.’ काय बी म्हनलास का न्हाई?

लालासाहेब : म्हनलो. पन देवाचं मोजा असं न्हाई म्हनलो मी. माझ्या डोक्यात बी न्हवतं.

जिनदत्त : कोणाच्या तरी डोक्यात असतं. दादासो देवळाचा मानकरी आहे, त्यानं पहिल्या झटक्यात म्हटलं असतं, देवाची हळद सोडून. म्हणूनच पाच जण बसवतात की हो. एकाच्या डोक्यात सगळं कसं मावेल?

लालासाहेब : आक्का... ह्यो खण... ह्याला धूळ लागलीया. थांब, मी झटकून देतो. चुकलं. ही हळद मोजाय नगं व्हती.

चंद्राबाई : निस्ती ही न्हाई. कुटलीच मोजाय नगं व्हती.

लालासाहेब : बरं. बरं, ऐक. तू बैलं जुप. तुझी गाडी सोडतो मी. रुपाया न्हाई, आना न्हाई. कृष्णात, उचल रं बांबू! आक्काची गाडी जाऊ दे फुडं.

चंद्राबाई : ए कृष्णात, हात लावशील बांबूला तर बघ! ठेव खाली!

लालासाहेब : आता काय झालं?

चंद्राबाई : मागं समदी माळेवाडी हुबी हाय आन मी भावाच्या उपकारानं पुढं जाऊ? उद्या मी मेले तर त्यास्नी कुनाचा भाऊ घावनार?

लालासाहेब : मग समद्यांच्या सोडतो! जावा! पार सांगलीपातूर जावा! आजपास्नं जकात बंद. झालं समाधान?

चंद्राबाई : न्हाई झालं.

लालासाहेब : आरं तिच्या मायला... आक्का, तुला पायजे तरी काय? घातला तरी तरास, काढला तरी तरास!

चंद्राबाई : कुनी काढला? तूच. एकट्यानं. सकाळी तुझ्या मर्जीनं बांबू पडला, आता तुझ्या मर्जीनं उठला, आन पुढल्या बाजारी तुझं डोस्कं फिरलं की परत पडंल. तवा मी काय, परत येऊन तुझ्यावर वरडायचं? मला तुझी मर्जी नगं, लाला. ना घालाय, ना काढाय. पाच बलीव. जकात ठिवायची तर पाचांनी ठिवा, काढायची तर पाचांनी काढा.

लालासाहेब : आन पाचांनी ठिवली तर?

चंद्राबाई : तर पयला रुपाया माझा. ह्या पदरातला. सगळ्यांच्या देखत काढून दीन, आन तोंडातनं शबूद काडनार न्हाई.

जिनदत्त : आक्का, नीट विचार करून बोला. मी ठेवा म्हणणार आहे, आत्ताच सांगतो.

चंद्राबाई : म्हना की आण्णा. तुमचा हात हाय, तुमाला हक हाय. माझ्या समूर बसून म्हना, मग मी भांडीन तुमच्याशी. त्यात बी मजा हाय. ह्येच्याशी भांडायचं म्हंजे भिंतीवर डोस्कं आपटायचं.

लालासाहेब : पाच येनार कुटनं? माझा, शेटचा. दादासो, भाऊसो आलं तर चार. पाचवं घर तुमचं. केरबामामा गेले. जागा रिकामी हाय म्हनून तर...

चंद्राबाई : कुनी सांगितलं रिकामी हाय? माझा ल्योक नाथाजी काय मेलाय?

लालासाहेब : त्यो जावा बेटावर हाय. लढाई संपली तरी पलटन तिकडंच ठिवलीया. कवा यील सांगता येत न्हाई.

चंद्राबाई : त्येला फौजेत कुनी न्हेलं?

लालासाहेब : ...मी न्हेलं.

चंद्राबाई : मामानंच न्हेलं आन मामानंच त्येची जागा रिकामी धरली. लाज न्हाई वाटली? येक डाव नदी उतरून इचाराय यायचं व्हतंस की, आक्का, तुमच्या घरातनं कुनाचा हात लागनार? दाराला कुलूप न्हवतं माझ्या.

लालासाहेब : तुमच्या घरात दुसरा गडीमानूस न्हाई. हात लावनार कोन?

चंद्राबाई : मी.

लालासाहेब : बाईमानसानं तळी उचलायची? कवा झालं न्हाई असलं.

चंद्राबाई : सकाळी जकात मागताना बाईमानूस दिसलं न्हाई व्हय रं? तवा कृष्णातनं म्हनायचं व्हतं की, बाईमानूस हाय, तिच्याकडनं कवा घेतली न्हाई! शेत मी कसती. हळद मी शिजीवती. भंडारा मी आनती. जकात मी भरायची. आन हात तेवढा गड्याचा?

जिनदत्त : सुभेदार, आमच्या आप्पांसाठी देव पायरीवर आला होता. आक्का तर देवळाच्या अंगणात खेळून मोठ्या झाल्यात.

लालासाहेब : दादासो मान्य करनार न्हाई.

चंद्राबाई : त्यो त्येच्या तोंडानं सांगू दे. तू त्येच्या वतीनं बोलू नगंस. ती खोड मोड आता.

लालासाहेब : बघू.

चंद्राबाई : आता तूच बघू म्हनतोस व्हय? बोल. न्हाईतर मी गाडी वळीवती. पर आज वळीवली तर परत ह्या उताराला माझं चाक लागायचं न्हाई. माळेवाडीची समदी हळद सांगलीला जाईल, एक दीसभराची वाट जादा पडली तरी. देवाची गाठ नदीत सोडीन. आन दिवाळीला मला न्ह्याय कुनाला धाडू नगंस. माहेर नव्हतंच मला, असं म्हनीन.

लालासाहेब : आक्का, असं नगं बोलूस.

चंद्राबाई : बोलवत न्हाई मला बी. पर बोलती. हात तुझा, तोंड तुझं, देव तुझा, मग आमी यायचं कशाला? मोजून घ्यायला?

लालासाहेब : ...दादासोला काय म्हनू?

चंद्राबाई : फालतू न्हाईस म्हन.

लालासाहेब : पंचवीस वर्सं हुकूम सोडला मी. कुनाच्या दारात जाऊन या म्हनायची सवय न्हाई ऱ्हायली, आक्का. जीभ वळनार न्हाई.

चंद्राबाई : मग हात जोडून हुबा ऱ्हा नुस्ता. कळंल त्याला. पर तू सवता जा. कृष्णातला धाडू नगंस.

लालासाहेब : शेट, तुमी चला बरुबर.

जिनदत्त : मी नाही येणार. बोलावणं अध्यक्षाचं असतं. मी हितं पोत्यावर बसतो, आक्कांशी भाव ठरवत.

लालासाहेब : त्यांनी दार लावून घेतलं तर?

चंद्राबाई : तर दारात बस. मी बी सकाळधरनं तुझ्या दारातच बसले न्हवं?

लालासाहेब : आन ह्यो बांबू? तवर उचलून ठिवू?

चंद्राबाई : आडवाच ऱ्हाऊ दे. पाचीजनं आल्यावर काय त्ये बघू. बैलं सोडती मी, पानी दावती. ...लाला, बूट.

लालासाहेब : काय?

चंद्राबाई : तळीचं बलवनं हाय. बूट काढ.

लालासाहेब : ...धर. कृष्णातकडं दिऊ नगंस. तुझ्यापशीच ठिव.

चंद्राबाई : ठिवती. बाभळीच्या वाटंनं जाऊ नगं, काटं हायती. बांधानं जा. ...गेला, आण्णा. चालतोय कसा बघा. ल्हान व्हता तवा दादांनी मारल्यावर असाच चालायचा.

जिनदत्त : येईल तो. दोघांना घेऊन येईल.

चंद्राबाई : यील का?

जिनदत्त : तुमी बूट धरून बसलाय की. यायलाच लागेल.

चंद्राबाई : दिवस लय खाली गेला वो, आण्णा. पेठंतली शेटलोकं उठली बघा. तुमी बी जावा घरला. दिवस बुडायच्या आत न्हाई जेवलासा तर उद्या सकाळपातूर पानी बी घेनार न्हाई तुमी. जेवून या, तवर मी बसती.

जिनदत्त : राहू दे आज. मी उठलो तर परत चारच उरतील.